फुली गेली, फासा उरला

माझ्या टेबलाच्या खणात एक लाल केबल पडून आहे. दोन्ही टोकांना पारदर्शक प्लग, दिव्यापुढे धरले की आतल्या आठ तारांचे रंग दिसतात. एका टोकाची ओळ पांढरा-नारिंगी, नारिंगी अशी सुरू होते, तर दुसऱ्याची पांढरा-हिरवा, हिरवा अशी. नवख्याला वाटेल, करणाऱ्याचा हात चुकला. पण हीच ती 'क्रॉस केबल'. मध्ये हब-स्विच काही नसताना दोन लिनक्स मशीन थेट जोडायची तर ही लागायची. चुकून दोन्ही टोकं सारखी असलेली 'स्ट्रेट' लावली तर कार्डावरचा दिवा पेटत नसे आणि माणूस रात्रभर ड्रायव्हरला शिव्या घालत बसे. मीही घातल्या आहेत.

गंमत अशी, की अशा केबलींवर चालणाऱ्या इथरनेटला मुळात तारांची ही फुली ठाऊकच नव्हती. २२ मे १९७३ रोजी झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडणारं एक टिपण लिहिलं. मग डेव्हिड बॉग्ज यांच्याबरोबर त्यांनी ते प्रत्यक्षात आणलं. वेग सेकंदाला २९ लाख ४० हजार बिट. नाव घेतलं 'ईथर'वरून, म्हणजे प्रकाशाला वाहून नेणारं म्हणून भौतिकशास्त्राने एके काळी मानलेलं आणि पुढे मोडीत काढलेलं द्रव्य. (शब्द हा आकाशाचा गुण, असं आपले वैशेषिक तत्त्वज्ञ मानत. त्यांना हे नाव पटलं असतं.) इथे ईथर म्हणजे सगळ्यांची मिळून एकच केबल. बोलायची आणि ऐकायची तार वेगळी नाही, मग उलटंसुलटं करायचं तरी काय?

प्रश्न होता तो दोघं एकदम बोलले तर काय, हा. त्याचं उत्तर हवाईहून आलं. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी बेटांमधले संगणक रेडिओने जोडले होते. संदेशांची टक्कर झाली की ज्याने-त्याने जणू फासा टाकून पडेल तितका वेळ थांबायचं आणि पुन्हा पाठवायचं. मेटकाफनी हा फासा उचलला आणि त्यात भर घातली: पुन्हा टक्कर झाली तर थांबण्याची मुदत आणखी लांबवायची. हा फासा या कुळाच्या रक्तातच आहे. पुढे तो दोनदा भेटतो.

इथरनेटच्या १९८०च्या मानकातली केबल बोटाएवढी जाड, बहुधा पिवळी. तिच्यावर दर अडीच मीटरला काळी खूण असे. नवीन मशीन जोडायचं तर खुणेवर चिमटा बसवून केबलला भोक पाडायचं आणि आतल्या तांब्यापर्यंत सुई पोचवायची. या चिमट्याला 'व्हँपायर टॅप' म्हणत. नंतरची बारीक काळी केबल स्वस्त होती, पण कोणाच्या पायाने टोकाचं टर्मिनेटर निघालं की अख्खी लॅब ठप्प.

फुली आली ती १९९०मध्ये, इथरनेट टेलिफोनच्या तारांवर उतरलं तेव्हा. तारांच्या जोडीला पीळ द्यायची युक्ती अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांची, १८८१च्या पेटंटातली. आता बोलायची जोडी वेगळी झाली आणि ऐकायची वेगळी. संगणक १ आणि २ वर बोलणार, ३ आणि ६ वर ऐकणार. मधले ४ आणि ५ टेलिफोनसाठी सोडलेले. हबचं सॉकेट मुळातच उलटं, त्यामुळे एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाशी आपोआप येई. पण दोन संगणक थेट जोडले की तोंडाला तोंड आणि कानाला कान! मग अदलाबदल केबलमध्येच करावी लागे. हा उपायही उसना होता. सीरियल पोर्टच्या जमान्यात 'नल मोडेम' केबलमध्ये २ आणि ३ नंबरच्या तारा अशाच फिरवत. लिनक्स तर प्रिंटरच्या पोर्टातूनही दोन मशीन जोडायचं. त्या केबलमध्येही हीच अदलाबदल.

ही केबल बहुतेक जण घरीच करत. साल सोलायची, पीळ उलगडायचा, रंग लावून घ्यायचे, टोकं एका रेषेत कापायची, प्लगमध्ये शेवटपर्यंत सरकवायची आणि क्रिम्पर दाबायचा. 'कट्' असा आवाज आला की झालं. रंग चुकला तर प्लग फेकून द्यायचा.

ही कटकट संपवली ती हुलेट-पॅकार्डच्या डॅनियल डव्ह आणि ब्रूस मेल्विन या अभियंत्यांनी. कार्डालाच जोड्या उलटवता आल्या तर? पण दोन्ही कार्डं एकदम उलटली तर पुन्हा तोंडाला तोंड. दोघांनी एकाच वेळी एकमेकांना फोन लावावा, एंगेज म्हणून ठेवावा आणि पुन्हा एकदमच लावावा, तसं. तोड कुळातलीच निघाली: फासा. साधारण दर ६२ मिलिसेकंदांनी प्रत्येक कार्ड एक यादृच्छिक आकडा बघून उलटायचं की नाही ते ठरवतं. कधी ना कधी दोघांचे आकडे वेगळे पडतात आणि दिवा लागतो. गिगाबिट इथरनेट चारही जोड्यांवर एकाच वेळी बोलतं आणि ऐकतंही. त्याच्या कार्डांत ही सोय जवळपास सर्रास असते.

तिसरा फासा पत्त्याचा. दोनच मशीन, पत्ता वाटणारा राउटर नाही. लिनक्सच्या नेटवर्क सेटिंगमध्ये दोन्हीकडे 'लिंक-लोकल' निवडलं, की प्रत्येक मशीन १६९.२५४ने सुरू होणारा कुठलातरी पत्ता उचलतं, 'हा कोणी घेतलाय का?' असं तारेवर विचारतं आणि कोणी बोललं नाही तर तोच ठेवतं. हा नियम २००५चा.

परवा जुन्या लॅपटॉपमधले फोटो नव्यात घ्यायचे होते. मुद्दाम खणातली लाल केबल काढली आणि दोन्हीकडे खोचली. क्षणभर काहीच नाही. मग दोन्ही दिवे लागले.