प्रचालकपदावरील पुनरागमन

विकिपीडियासारख्या स्वयंसेवी ज्ञानप्रकल्पात देखरेखीचे अधिकार सोडून दिलेल्या सदस्याने ते पुन्हा स्वीकारणे, यास प्रचालकपदावरील पुनरागमन म्हणता येईल. पाने वगळणे, वादग्रस्त पाने सुरक्षित करणे आणि उत्पात करणाऱ्या सदस्यांना प्रतिबंधित करणे ही प्रचालकाची मुख्य कामे होत. हे पद विनावेतन असते.

== पदत्याग ==
नोकरी, आजारपण, घरची जबाबदारी अशी कारणे असतातच. पण वादांचा शीण हे त्यांहून मोठे कारण असावे. लेख लिहिणाऱ्याचे आभार मानले जातात, लेख वगळणाऱ्याचे क्वचितच. राजीनाम्याची विनंती मेटा-विकीवर केली जाते. तेथील प्रतिपालक सहसा सुमारे २४ तास थांबून अधिकार काढतात, जेणेकरून रागाच्या भरात लिहिलेला राजीनामा मागे घेता यावा. अधिकार गेले तरी खाते व संपादनाची मुभा कायम राहते.

राजीनामा न देताही पद जाऊ शकते. ज्या विकींचे स्वतःचे धोरण नाही, तेथे २०१३ पासून दोन वर्षे पूर्णतः निष्क्रिय राहिलेल्या प्रचालकास सूचना दिली जाते व महिनाभरात उत्तर न आल्यास अधिकार काढले जातात.

== परतीचा मार्ग ==
इंग्रजी विकिपीडियावर निर्वेधपणे पद सोडलेल्या सदस्याने मागणी केल्यास, फार काळ लोटला नसेल तर, किमान २४ तास आक्षेपांची वाट पाहून अधिकार परत दिले जातात. मात्र वर्तनाविषयी तक्रार चालू असताना, चौकशी टाळण्यासाठी राजीनामा दिलेला असेल, तर त्यास नव्याने समाजाचा कौल घ्यावा लागतो. सर्व पद्धतीचा कणा हा भेदच आहे. तो नसता तर राजीनामा ही चौकशीतून सुटण्याची पळवाट ठरली असती. ज्या छोट्या विकींवर मतदार पुरेसे नसतात, तेथे प्रतिपालक ठरावीक मुदतीपुरतेच अधिकार देतात.

अन्यत्रही हा प्रश्न उद्भवला आहे. २०१९ मध्ये स्टॅक एक्स्चेंज या प्रश्नोत्तर-संकेतस्थळावरील अनेक स्वयंसेवी नियामकांनी कंपनीच्या निर्णयांच्या निषेधार्थ पदे सोडली. त्यानंतर कंपनीने पदमुक्ती व पुनर्नियुक्ती यांची लेखी पद्धत जाहीर केली.

== मराठी संदर्भ ==
१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर प्रचालक मोजकेच असतात, जरी २०११ च्या जनगणनेनुसार मराठी भाषकांची संख्या ८.३ कोटी आहे. त्यामुळे एखादा अनुभवी हात परतला की तो चर्चेविना स्वीकारण्याचा मोह होतो. तथापि जेथे सारे परस्परांना ओळखतात, तेथेच चावडीवरील उघड चर्चा अधिक गरजेची असते.

परतीसाठी मराठीत रूढ असलेला शब्दप्रयोग 'पुनश्च हरिः ॐ' हा पुण्याच्या पत्रकारितेशी जोडला गेला आहे. सप्टेंबर १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झालेले लोकमान्य टिळक ६ सप्टेंबर १८९८ रोजी सुटले. मधल्या काळात 'केसरी'चे संपादन न. चिं. केळकर यांनी सांभाळले. ४ जुलै १८९९ रोजी टिळकांनी याच मथळ्याचा लेख लिहून सूत्रे पुन्हा हाती घेतली. अर्थात 'केसरी' टिळकांच्या मालकीचा होता. प्रचालकपद कोणाच्याच मालकीचे नसते.

== परतल्यानंतर ==
मधल्या काळात नियम व साधने बदललेली असतात. उदाहरणार्थ, संपूर्ण संकेतस्थळाचे स्वरूप ठरवणाऱ्या संगणकीय संहितेत बदल करण्याचा अधिकार २०१८ मध्ये प्रचालकपदापासून वेगळा काढण्यात आला. त्यापूर्वी पद सोडलेल्या सदस्यास प्रचालकपद परत मिळाले, तरी हा अधिकार स्वतंत्रपणे मागावा लागतो.