दूध नको, पाणी ठेव: वरंधची बरणी आणि सापाची तहान

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे झाला, म्हणून आधी तीच सांगतो.

वरंधहून एका श्रोत्याने, कॉलेजात जाणारा मुलगा आहे, अगदी दबक्या आवाजात विचारलं होतं, "दादा, सापाचं पिल्लू ठेवलंय. दूध पीत नाही. कातपण नीट टाकत नाहीये. काय करू?" सोबत फोटो. लोणच्याची प्लास्टिकची बरणी, झाकणाला भोकं, तळाला वर्तमानपत्र, डोक्यावर साठचा बल्ब आणि बाटलीच्या बुचात दूध. बरणीत वीतभर लांबीची दिवड. शेपटीच्या टोकाला जुन्या कातीचं कडं अडकलेलं, एक डोळा अजून धुरकट.

फोटो बघून आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. वरंध म्हणजे घाटाच्या पायथ्याचं गाव. जुलैचा पाऊस चालू, बाहेर भाताची खाचरं तुडुंब, आणि बरणीत वाळवंट! दिवड हा तर पाण्याकाठचाच साप. कुठे त्याला विरोळा म्हणतात. बेडूक-मासे खाऊन जगतो. बल्ब लावला तो ऊब मिळावी म्हणून, पण त्याने हवा कोरडी केली. पाणी ठेवलंच नव्हतं, कारण दूध ठेवलं होतं ना.

त्याला लगेच सांगितलं: बल्ब बंद कर, दूध काढ, पिल्लाला अख्खं बसता येईल एवढ्या पसरट भांड्यात थोडंसं पाणी ठेव, आणि वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन कर. पण माझ्या डोक्यात एक प्रश्न राहिला. या मुलाला बुचात दूध ठेवायला कुणी शिकवलं?

कुणीच नाही. ते आपल्या सगळ्यांना न शिकवताच येतं. नागपंचमीला वारुळापाशी दूध-लाह्या ठेवायच्या, पाटावर नाग काढायचा, त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही. वारुळाजवळ ठेवलेलं दूध साप पीत नाही, मुंग्या खातात, कुणाचं काही बिघडत नाही. गडबड झाली ती गारुड्याच्या टोपलीत. सणाच्या आधी बरेच दिवस सापाला पाणी द्यायचं नाही. मग सणाच्या दिवशी समोर वाटी येते आणि तो साप दुधात तोंड घालतो. बघणाऱ्याला वाटतं, देव प्रसन्न झाला. खरं तर तो तहानेने मरायला टेकलेला असतो, समोर जे पातळ येईल ते पितो. सापाच्या पोटाला दूध पचवता येत नाही. सस्तन प्राण्यांच्या पिल्लांचं ते अन्न, आणि सापाची आई पिल्लाला पाजत नाही. त्यातलं काही फुफ्फुसात गेलं तर संपलंच.

मला विचाराल तर दूध पिणारा साप ही श्रद्धेची गोष्ट नाहीच, ती तहानेची गोष्ट आहे. आपण पिढ्यान्‌पिढ्या ती तहान बघितली आणि तिचं नाव चुकीचं ठेवलं.

महाराष्ट्रात नागपंचमी म्हटलं की सांगली जिल्ह्यातलं बत्तीस शिराळा आठवतं. तिथली परंपरा गोरक्षनाथांशी जोडलेली. सणाच्या आधी शेताशिवारातून जिवंत नाग धरायचे, मडक्यात ठेवायचे, तोंडाला फडकं बांधायचं, सणाला पूजा आणि मिरवणूक, मग सोडून द्यायचे. शिराळकर सांगत की आम्ही नागाला जपतो, आणि त्यांचं प्रेम खोटं नव्हतं. पण ढोल, गर्दी, ऊन आणि दिवसचे दिवस मडक्यात, हे नागाला सोसत नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जिवंत नागांची ती मिरवणूक थांबली. गावात याची खंत आजही आहे, आणि ती हसण्यावारी नेऊ नये.

आता गंमत बघा. मडकं तेच, पण चेन्नईजवळ त्याचा उपयोग वेगळा झाला. इरुळा हे तिकडचे पिढीजात साप पकडणारे. कातड्याच्या व्यापारासाठी साप धरायचे. १९७२च्या कायद्यानंतर तो धंदा बुडाला आणि पोटाचा प्रश्न आला. १९७८मध्ये रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. साप मारायचा नाही, विष काढायचं आणि साप परत सोडायचा. तिथे साप मातीच्या मडक्यातच ठेवतात, तळाला वाळू, तोंडाला सुती कापड. तीनेक आठवडे ठेवतात, आठवड्याला एकदा विष काढतात. मातीचं मडकं पाझरतं, आत गारवा राहतो, कापडातून हवा जाते. लोणच्याच्या बरणीला हे कसं जमणार?

सापाला जिवंत आणि धडधाकट ठेवणं ही गरज मुंबईत त्याही आधी ओळखली होती. परळचं हाफकिन १८९९ला प्लेगच्या लशीसाठी तिथे आलं, १९२५ला त्याला हाफकिनचं नाव मिळालं, आणि पुढे तिथे सर्पदंशावरची लस बनू लागली. त्यासाठी विष हवं, आणि मेलेला साप पुन्हा विष देत नाही. तिथे काम केलेले डॉ. पी. जे. देवरस यांचं भारतीय सापांवरचं इंग्रजी पुस्तक १९६५ला नॅशनल बुक ट्रस्टने काढलं. नंतर पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी १९८०मध्ये ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काढले आणि १९८६मध्ये कात्रजचं सर्पोद्यान सुरू झालं. शाळेच्या सहलीत काचेपलीकडची पाण्याची कुंडी तुम्हीही बघितली असेल. त्या कुंडीकडे कुणी लक्ष देत नाही. सगळे सापच बघतात, मीही तेच केलं.

आता कातीकडे येऊ. साप वाढतो, पण वरची कात वाढत नाही. आत नवी तयार होते आणि दोन्हींच्या मध्ये पातळसा द्रव भरतो. त्यामुळे अंग फिकं आणि डोळे निळसर-धुरकट दिसतात. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात, आणि त्यानंतर साप नाक दगडाला घासून सुरुवात करतो. सगळं नीट असलं तर कात मोजा काढावा तशी उलटी, अख्खी निघते, डोळ्यांवरच्या पारदर्शक खवल्यांसकट. सापाला पापण्या नसतात, तो खवलाच त्याचा चष्मा. पिल्लं झपाट्याने वाढतात म्हणून त्यांची कात मोठ्या सापांपेक्षा जास्त वेळा पडते.

पाणी कमी पडलं की कात तुकड्यातुकड्याने निघते. शेपटीवर कडं राहिलं तर ते आवळतं, रक्त पोचत नाही आणि टोक वाळून गळतं. डोळ्यावरचा खवला अडकला तर नखाने काढायला जाऊ नका, खालचा डोळाच जाईल. ओढायचं काहीच नाही. ओलसर कापड किंवा शेवाळ असलेली लपायची जागा, अंग घासायला खडबडीत दगड, भिजायला कोमट पाणी. बाकीचं साप स्वतः करतो.

पुण्या-मुंबईत काही घरांत परदेशी बॉल पायथन असतात, त्यांनाही हेच लागू. एसी चालू असलेल्या खोलीत तर जास्तच. मात्र अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी केंद्राच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, त्याचे नियम २०२४ला आले आहेत. आपल्या मातीतला साप मात्र, दिवड असो की धामण, घरात ठेवताच येत नाही.

आणि यात फक्त सापाच्याच जिवाचा प्रश्न नाही. घोणसाचं पिल्लू अजगराचं समजून हातात घेणारे लोक आहेत. वरंधहून महाडकडे येताना बिरवाडी लागते. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ला डॉ. हिम्मतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने मरणारी माणसं त्यांनी डोळ्यांसमोर बघितली, त्यावर प्राझोसिनचा उपचार उभा केला, सर्पदंशावरही काम केलं. २०२२ला पद्मश्री मिळाली. या खोऱ्यातल्या घरांना विंचू-साप म्हणजे काय, हे मी सांगायची गरज नाही. या मुलाची दिवड बिनविषारी निघाली, पण बरणीत टाकताना त्याला ते माहीत नव्हतं. त्याने स्वतःच कबूल केलं.

त्या रात्री त्याने पिल्लाला पाण्यात ठेवलं. सकाळी शेपटीवरचं कडं पाण्यात तरंगत होतं, डोळा मात्र तसाच होता. दुपारी वन विभागाचा माणूस आला, पिल्लू घेऊन गेला आणि जाताना दोन शब्द सुनावूनही गेला. बरणी तेवढी घरात उरली. आईने ती तीनदा धुतली, आणि आता त्यात लोणचं घालायचं नाही म्हणतेय.