किरण शस्त्रक्रिया, यंत्रमानवी

किरण शस्त्रक्रिया, यंत्रमानवी : शरीर न कापता, अनेक दिशांनी सोडलेले बारीक प्रारण-झोत एकाच ठिकाणी एकवटून अर्बुदाचा (गाठीचा) नाश करण्याच्या वा त्याची वाढ थांबविण्याच्या पद्धतीस किरण शस्त्रक्रिया म्हणतात. झोत सोडणारे यंत्र संगणकनियंत्रित यंत्रमानवाच्या बाहूवर बसविलेले असल्यास ती यंत्रमानवी होय. एकेक झोत दुर्बल असल्याने वाटेतील निरोगी ऊतकांना (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांना) अल्प मात्रा मिळते. सर्व झोत जेथे एकत्र येतात तेथे ती मारक ठरते. ‘गॅमा नाइफ’, ‘सायबरनाइफ’ ही यंत्रांची नावे रुग्णाची दिशाभूल करणारी आहेत. या उपचारात चाकूही नसतो व रक्तस्रावही होत नाही.

ही कल्पना स्वीडिश तंत्रिका शस्त्रक्रियाविशारद लार्स लेक्सेल (१९०७–८६) यांनी १९५१ मध्ये मांडली. मेंदूच्या खोल भागावरील उघडी शस्त्रक्रिया त्या काळी अत्यंत धोक्याची होती. लेक्सेल यांनी कवटीला धातूची चौकट घट्ट बसवून तिच्या आधारे मेंदूतील बिंदूचे स्थान निश्चित केले व त्यावर किरण रोखले. १९६०–७० या दशकाच्या अखेरीस कोबाल्ट (६०) चे १७९ उद्गम असलेले त्यांचे यंत्र स्टॉकहोम येथे वापरात आले. पद्धत अचूक होती. परंतु चौकट डोक्यालाच बसत असल्याने उपचारही डोक्यापुरताच राहिला. फुप्फुस, यकृत हे अवयव श्वासाबरोबर हलतात, त्यांना चौकट कशी बसवणार? लेक्सेल यांच्याकडे काही काळ काम केलेले अमेरिकन शस्त्रक्रियाविशारद जॉन ॲडलर यांनी चौकट वगळून, उपचार चालू असतानाच क्ष-किरण प्रतिमा घेऊन त्यांनुसार झोताची दिशा सुधारण्याची योजना केली. त्यासाठी लहान रेषीय प्रवेगक (इलेक्ट्रॉनांना वेग देऊन क्ष-किरण निर्माण करणारे यंत्र) कारखान्यांत वापरतात तशा यांत्रिक बाहूवर बसविण्यात आला. स्टॅनफर्ड येथे १९९४ मध्ये पहिल्या रुग्णावर हा उपचार झाला. २००१ मध्ये अमेरिकेत तो शरीराच्या इतर भागांसाठीही मान्य झाला.

मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले आणि पश्चिम भारतातील कर्करुग्णांचा ओघ तेथे वळला. भारतातील पहिले कोबाल्ट यंत्र १९५६ मध्ये मद्रासमधील अड्यार येथे आले. गॅमा नाइफ यंत्रे १९९७ मध्ये मुंबईचे हिंदुजा रुग्णालय व दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था येथे बसविण्यात आली. यंत्रमानवी यंत्र २००९ मध्ये चेन्नईत आले.

या इतिहासाचा रुग्णाच्या दृष्टीने खरा अर्थ खेपांच्या संख्येत आहे. नेहमीच्या प्रारण चिकित्सेत आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे पाच ते सात आठवडे जावे लागते. उल्हासनगर ही दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी वसलेली सिंधी निर्वासितांची वसाहत. तिला हे नाव १९४९ मध्ये मिळाले. तेथील कॅम्प १ मधील रुग्णाला शहाड स्थानकावरून परळ-दादरकडे जाण्यायेण्यास दररोज सु. १०० किमी. प्रवास पडतो, अंबरनाथ-बदलापूरकरांना त्याहून अधिक. लोकलमध्ये अपंग व कर्करुग्णांसाठी वेगळा डबा असतो, तरी थकलेल्या माणसाला गर्दीच्या वेळी त्यात चढणे हेही एक दिव्यच असते. किरण शस्त्रक्रिया सामान्यतः एक ते पाच बैठकींत आटोपते. एवढ्या एका कारणास्तवही तिचे महत्त्व मोठे आहे.

बैठकी थोड्या असल्या, तरी पूर्वतयारी थोडी नसते. डोक्यावरील उपचारासाठी चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार मुखवटा बनवितात. हलत्या अवयवाच्या अर्बुदात किंवा त्याच्याजवळ सोन्याचे तांदळाएवढे तुकडे सुईने बसवितात व काही दिवसांनी सीटी व एमआरआय प्रतिमा घेतात. त्यांवरून चिकित्सक व भौतिकीविज्ञ मिळून मात्रा ठरवितात. यंत्रमानव स्वतः काहीच ठरवीत नाही. बैठक अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत चालते. रुग्ण खोलीत एकटा असतो, परंतु कॅमेऱ्यातून त्याच्यावर लक्ष असते व त्याच्याशी बोलता येते. बाहू त्याच्याभोवती फिरतो, पण त्याला स्पर्श करीत नाही. वेदना होत नाहीत. बहुधा त्याच दिवशी घरी जाता येते. अंगात किरणोत्सर्ग उरत नाही, त्यामुळे घरातील मुलांना जवळ घेण्यास हरकत नसते.

गाठ लगेच नाहीशी होत नाही, हे पुष्कळांना आधी सांगितलेले नसते. मारक अर्बुद आक्रसण्यास आठवडे वा महिने लागतात. श्रवण तंत्रिकेवरील साध्या अर्बुदाची वाढ थांबली तरी उपचार यशस्वी मानतात, म्हणून तपासणीत गाठ ‘तशीच’ दिसली की घाबरून जाण्याचे कारण नसते. थकवा, मळमळ, डोकेदुखी ही लक्षणे काही दिवस राहू शकतात. मेंदूत काही महिन्यांनीही सूज येऊ शकते किंवा किरण लागलेल्या ऊतकाचा नाश होऊ शकतो. नव्याने झटके किंवा अशक्तपणा आल्यास त्वरित रुग्णालय गाठावे लागते.

उपचार सर्वांसाठी नाही. साधारणतः ३ सेंमी.पेक्षा मोठ्या मेंदूतील अर्बुदावर एकाच बैठकीत सुरक्षित मात्रा देणे कठीण असते. शरीरभर पसरलेल्या रोगावर औषधोपचारच मुख्य ठरतो. गाठीच्या दाबामुळे जिवाला धोका असल्यास उघडी शस्त्रक्रियाच करावी लागते. साध्या रेषीय प्रवेगकावरही हे तत्त्व १९८० नंतर वापरात आले असून योग्य रुग्णात त्याचे परिणाम चांगले असतात. त्यामुळे केवळ यंत्रमानवासाठी दूरच्या महागड्या रुग्णालयाचा आग्रह धरण्याचे कारण नाही. उपचारानंतर पहिली एमआरआय तपासणी बहुधा दोन-तीन महिन्यांनी करतात व पुढे काही वर्षे ती ठराविक अंतराने चालू ठेवतात.