डोंगरात रचलेला नकार

रात्रपाळी उरकून खोलीवर आलो आणि इफुगाओ लोकांविषयी वाचत बसलो. झोपच उडाली. म्हणून हे लिहितोय.

फिलिपीन्समध्ये लुझोन बेटाच्या उत्तरेला कॉर्डिलेरा डोंगर आहेत. तिथले हे शेतकरी. अख्खे डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कोरून त्यांनी भातखाचरं केली. माथ्यावर राखलेलं रान, त्याला ते 'मुयोंग' म्हणतात. त्या रानातलं पाणी खाचराखाचरातून खाली उतरतं. पुस्तकं सांगत आली, ही खाचरं २००० वर्षांची.

ऐकायला गोड. पण मेख यातच आहे. २००० वर्षं जुने म्हंजे २००० वर्षं जसेच्या तसे. थिजलेले. इतिहास नसलेले. स्टीफन अकाबादो या पुरातत्त्वज्ञाने इफुगाओंना सोबत घेऊन जुन्या कियांगान गावठाणात खणलं. त्यांचं म्हणणं असं, की तिथं आधी अळूचे कंद पिकत. पाण्यातला भात पसरला तो साधारण ४०० वर्षांपूर्वी, स्पॅनिश लुझोनमध्ये घुसल्यावर. खालची माणसं गुलामी नाकारून डोंगर चढली. भात पिकवला, एकजूट केली. स्पेनने फिलिपीन्सवर ३०० वर्षं राज्य केलं, पण हे डोंगर त्याला पुरते कधी वाकवता आले नाहीत. म्हंजे ते नुसते बांध नाहीत. बंड आहे ते.

जे वाकले नाहीत ते मग 'रानटी' ठरले. १९०४ साली अमेरिकेने सेंट लुईसच्या जत्रेत कॉर्डिलेरातली जिवंत माणसं प्रदर्शनात मांडली. या सगळ्या डोंगरवासीयांना मिळून इगोरोत म्हणतात. १९४३ साली कार्लोस रोमुलो या फिलिपिनो पुढाऱ्याने पुस्तकात लिहिलं, इगोरोत हे फिलिपिनोच नव्हेत. आणि १९९१ च्या हजार पेसोंच्या नोटेवर खाचरं मात्र झोकात छापली! शेत राष्ट्राचं, शेतकरी परका. दोस्तांनो, ही चाल आपल्या ओळखीची आहे.

तरी इफुगाओ पुसले गेले नाहीत. भात कापताना, मयताच्या जागरणाला तिथं 'हुडहुड' गातात, आणि पुढं असतात त्या म्हाताऱ्या बाया. २००१ साली युनेस्कोने हुडहुडचा गौरव केला. त्याच साली खाचरं धोक्यातल्या वारशाच्या यादीत गेली, ती २०१२ साली बाहेर आली. कारण पोरं पोटासाठी शहरात जातात, बांध ढासळतात. बांध गेला तर कापणीचं गाणं कुठं म्हणायचं? १९९७ च्या कायद्याने आदिवासींचा वाडवडलांच्या जमिनीवरचा हक्क मान्य झाला. गाण्याची मुळी तिथं आहे, जमिनीत. गौरवपत्रात नाही.

म्हणून कुणी 'तुमची संस्कृती फार प्राचीन' म्हणत पाठ थोपटली, तर हुरळू नका. आधी विचारा: कधीपासून? कुणाविरुद्ध? आणि जमीन कुणाच्या नावावर?