पटावरचं मूल

मनमाडमध्ये साठी ओलांडलेल्या माणसांना वाढदिवस विचारत फिरलं, तर 1 जून ही तारीख पुन्हा पुन्हा कानावर येते. शाळेत नाव घालायला आलेल्या आईला मुलाचा जन्म दुष्काळावरून नाहीतर पोळ्याच्या आगेमागे आठवायचा. गुरुजी मुलाला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगत. हात पोहोचला की वय भरलं. शाळा जूनमध्ये उघडायची, म्हणून रजिस्टरात 1 जून. त्या एका ओळीवर पुढे माणसं रेल्वेत लागली आणि त्याच तारखेच्या हिशेबाने निवृत्तही झाली.

मी 1987 साली नांदगाव तालुक्यात, मनमाडजवळच्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले. तेव्हापासून ज्याला आम्ही एक नंबरचं रजिस्टर म्हणतो ते जनरल रजिस्टर माझ्या हाताखालून गेलं. नाव, जात, जन्मतारीख अंकी नि अक्षरी, आधीची शाळा, सोडल्याचं कारण आणि शेवटी शेरा. त्यात खाडाखोड करायची नाही, ही पहिली शिकवण. याचं मोल मला जातीच्या दाखल्यांनी समजावलं. अनुसूचित जातीला 1950 पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना 1961 पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. ज्या घरात सातबारा नाही, त्या घराला आजोबांच्या शाळेतली नोंद तेवढी उरते. एखादे आजोबा दुसरीतून शाळा सोडून गेले असतील, पण कुणा गुरुजींनी टाकाने नीट लिहिलेली ती ओळ नातीला शिष्यवृत्ती मिळवून देते. माहितीने माणसाचं भलं होतं म्हणजे काय, हे मी तिथे पाहिलं.

मग हजेरीला पैसा आणि धान्य जोडलं गेलं. 1992 पासून दारिद्र्यरेषेखालच्या मागासवर्गीय मुलींना हजर दिवसाला 1 रुपया उपस्थिती भत्ता आला. 15 ऑगस्ट 1995 ला केंद्राची पोषण आहार योजना सुरू झाली आणि ऐंशी टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला 3 किलो तांदूळ मिळू लागला. मनमाडकरांना धान्याचं अप्रूप नाही. एफसीआयच्या गोडाऊनला वाघिणी लागताना आम्ही रोज बघतो. पण गोडाऊनपासून हाकेच्या अंतरावरच्या वस्तीत त्या 3 किलोंची वाट पाहिली जायची. महिनाअखेरीला आया यायच्या. ‘बाई, पोरीचे खाडे किती झाले हो?’ आजारी पडलेल्या मुलीचे दोन खाडे जास्त झाले की तांदूळ बुडणार. हजेरीपट भरणाऱ्या हाताला हे ठाऊक असायचं. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या आदेशानंतर शिजवलेलं जेवण आलं. जो आला तो जेवला, टक्केवारीची अट उरली नाही. मला तो निर्णय फार मोठा वाटतो.

पटाला मात्र तोवर कीड लागली होती. पटावर शिक्षकांची पदं ठरायची, अनुदान ठरायचं. मुलं कागदावर वाढत गेली. नांदेड जिल्ह्यातल्या तपासणीत असा खोटा पट उघडा पडल्यानंतर 3 ते 5 ऑक्टोबर 2011 असे तीन दिवस राज्यभर पटपडताळणी झाली. डोकी मोजायला महसूलचे लोक शाळेत आले, मुलांच्या बोटाला शाई लागली. आमची मुलं ती बोटं घरी नेऊन कौतुकाने दाखवत होती, आम्ही शिक्षक मान खाली घालून उभे होतो. राज्यात वीस लाखांच्या आसपास नावं अशी निघाली की ज्यांचं मूल वर्गात नव्हतं.

त्यानंतर संगणक आला. 2012-13 पासून यू-डायस, 2015 पासून सरल, या शाळांची माहिती भरायच्या प्रणाली. प्रत्येक शाळेला अकरा आकडी क्रमांक, प्रत्येक मुलाला स्वतःचा क्रमांक. गावात रेंज नसायची. आम्ही मनमाडच्या सायबर कॅफेत रात्री बसून नावं भरली, कारण दिवसा सर्व्हर चालायचा नाही. शिकवायचा वेळ त्यात गेला, हे खरंच आहे. तरी मी त्या कामाच्या बाजूने उभी राहिले. एक मूल दोन शाळांच्या पटावर राहू नये, हे त्यामुळे पहिल्यांदा शक्य झालं.

पण आमच्या तालुक्याचं मूल या मोजणीतूनही निसटतं. यू-डायसची माहिती 30 सप्टेंबरच्या पटावर भरली जाते, शिक्षकांची पदं ठरवणारी संचमान्यताही त्याच तारखेला बांधलेली. आणि ऊसतोडीच्या टोळ्या उठतात दसरा-दिवाळीला. मुकादमाची उचल घेतलेली असते, ट्रक वस्तीवर येतो, भांडीकुंडी, शेळी, पोरं चढवली जातात. सप्टेंबरात माझ्या वर्गात बसलेली, मोजलेली मुलगी नोव्हेंबरात कारखान्याजवळच्या कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवर, धाकट्या भावाला सांभाळत असते. तिच्यासाठी शिक्षण हमी पत्रक आहे, ते घेऊन कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं. मागे राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत. दोन्ही चांगल्या सोयी. अडचण अशी, की कोण कुठे गेलं हे पत्रक देणाऱ्यालाच कळत नाही. टोळी रात्रीतून उठते.

म्हणून मी शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीने लिहीत असे: कारखान्याचं नाव, मुकादमाचं गाव, सोबत कोण नातलग. तेवढ्यावरून तिकडच्या शाळेतल्या गुरुजींना फोन लावता यायचा आणि काही मुलं खरोखर तिथल्या वर्गात बसली. आता संगणकात ‘स्थलांतरित’ एवढा एक शब्द भरला जातो. त्यापुढे कारखान्याचं नाव भरायला जागा हवी, आणि दुसरी मोजणी जानेवारीत व्हायला हवी. ती शाळेत करून भागणार नाही. कारखान्याच्या आवारात, कोप्यांमधून फिरून, मुलाचा क्रमांक विचारून करायला हवी.