फिल फ्लॅश
उजेड पुरेसा असतानाही चित्रविषयावरील गडद सावल्या उजळण्यासाठी फ्लॅशचा सौम्य झोत टाकण्याच्या छायाचित्रणातील पद्धतीस फिल फ्लॅश किंवा पूरक झोत म्हणतात. यात मुख्य प्रकाश सूर्याचाच राहतो आणि फ्लॅश फक्त सावलीत बुडालेले तपशील वर काढतो. त्यामुळे छोट्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचा अंगचा दुबळा फ्लॅश रात्रीच्या अंधारापेक्षा भर दिवसा अधिक चांगली कामगिरी करतो.

गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडच्या जंगलात या पद्धतीची गरज ठायी ठायी भासते. मोहफुले वेचण्याच्या मार्च-एप्रिलच्या दिवसांत सकाळचे तिरपे ऊन वेचणाऱ्या माडिया आदिवासी स्त्रियांच्या पाठीमागून आले, तर कॅमेरा मागच्या लख्ख उजेडावरून उद्भासन, म्हणजे संवेदकावर पडू द्यायच्या प्रकाशाचे प्रमाण, ठरवतो आणि चेहरे काळवंडतात. अशा वेळी स्वयंचलित फ्लॅश पेटत नाही, कारण कॅमेऱ्याच्या हिशेबी उजेड भरपूर असतो. म्हणून विजेच्या चिन्हाची, फ्लॅश हटकून पेटवणारी योजना निवडावी लागते. उन्हाळ्यात पाने झडलेल्या सागाच्या फांद्यांतून चेहऱ्यावर ऊनसावलीची जाळी पडते आणि पूरक झोत तिची तीव्रता कमी करतो. पावसाळ्यात हेच पानझडी जंगल दाटते व पानांतून गाळून आलेल्या उजेडाने त्वचेवर हिरवट झाक चढते. फ्लॅशचा रंग दुपारच्या उन्हाशी जुळता, सुमारे 5500 केल्विनचा, असल्याने चेहऱ्याचा मूळ वर्ण परत मिळतो आणि मागची हिरवाई मात्र तशीच राहते. याउलट इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा यांच्या संगमावरील उघड्या वाळूवरून उजेड खालून वर फेकला जात असल्याने तेथे झोत अगदी थोडा पुरतो.

फ्लॅशची ताकद गाइड नंबर या आकड्याने सांगतात. त्याला भिंगाच्या छिद्राच्या एफ-अंकाने भागले की पूर्ण प्रकाश पोहोचण्याचे अंतर मिळते. आयएसओ 100 या प्रकाश-संवेदनशीलतेला 6 मीटर गाइड नंबर असलेला फ्लॅश एफ 4 ला दीड मीटरपर्यंतच पुरेसा ठरतो. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथ्या हिश्शावर येतो, म्हणून जवळ जाणे हाच खरा उपाय होय. पूरक झोत मुख्य प्रकाशाहून एक ते दोन पायऱ्या कमी, म्हणजे त्याच्या निम्मा ते चौथा हिस्सा, ठेवावा. पूर्ण ताकदीचा झोत घामेजलेल्या कपाळावर पांढरे डाग उमटवतो आणि चेहरा सपाट करतो. ताकद कमी करण्याची सोय नसल्यास फ्लॅशवर पातळ पांढरा कागद धरावा. बहुतेक कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांचे शटर भिंगातच बसवलेल्या पात्यांचे असल्याने ते अतिशय कमी वेळ उघडले तरी फ्लॅशशी जुळते. पडदा-शटरच्या मोठ्या कॅमेऱ्यांत ही जुळणी सामान्यतः सेकंदाच्या दोनशेव्या भागाच्या आसपास थांबते, आणि उन्हातल्या पूरक झोतासाठी हा छोट्या कॅमेऱ्याचा मोठाच लाभ आहे.

काही ठिकाणी मात्र फ्लॅश बाधक ठरतो. रिमझिम पावसात जवळच्या थेंबांवर झोत पडून चित्रात पांढरे ठिपके उमटतात. बाबा आमटे यांनी 1973 मध्ये भामरागडजवळील हेमलकसा येथे सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पातील प्राणी अनाथालयासारख्या ठिकाणी पिंजऱ्याची जवळची जाळी उजळून मागचा प्राणी अंधुक होतो, तर बिबट्यासारख्या प्राण्याच्या डोळ्यांतील दृष्टिपटलाच्या मागचा परावर्तक थर भिंगालगतच्या फ्लॅशचा प्रकाश थेट परत पाठवत असल्याने बुबुळे दिव्यांसारखी चमकतात. शिवाय अचानक झोताने प्राणी बिचकण्याचा संभव असल्याने तेथे फ्लॅश बंदच ठेवावा.