बडोद्याची अरब सिबंदी आणि शस्त्राचा अंकुश

राज्यकर्त्यांवर अंकुश कोणाचा असावा, हा राज्यशास्त्रातील जुना प्रश्न आहे. 1791 मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेत दुसरी दुरुस्ती झाली आणि शस्त्र बाळगण्याचा लोकांचा हक्क तेथे मान्य झाला. प्रजेच्या हाती बंदूक असेल तर सरकार मर्यादेत राहते, असा विचार त्यानंतर अनेकांनी मांडला. या विचाराची कसोटी पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. बडोद्याच्या इतिहासात त्याचे बोलके उदाहरण आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस गायकवाडांच्या लष्करात अरब सिबंदीचे मोठे प्रस्थ होते. सिबंदी हा फारसी शब्द मराठी दफ्तरांत पगारी शिपायांसाठी रूढ झाला. बडोद्याचे हे शिपाई केवळ पगारी नोकर राहिले नव्हते. शहराच्या वेशी त्यांच्या ताब्यात होत्या आणि त्यांचे जमादार दरबारात वजन राखून होते. त्यांच्या या वजनाचे मूळ ‘बहांदारी’ या प्रथेत होते. बाह म्हणजे हात. ज्याचा हात धरला त्याला दगा होऊ द्यायचा नाही, हा तिचा अर्थ. सावकाराने सरकारला कर्ज दिले, किंवा एखादा सरदार अभय मागून दरबारी आला, की अरब जमादार हमी देत. राजाने शब्द मोडल्यास जमादाराची बंदूक उभी राही. न्यायालयाचा आधार नसलेल्या त्या काळात राजाच्या लहरीवर हा खराखुरा अंकुश होता, हे मान्य करावे लागते.

परंतु हा अंकुश कोणासाठी होता? हमी मिळे ती सावकाराला व सरदाराला. रयतेचा हात धरणारा कोणी नव्हता. 1800 मध्ये गोविंदराव गायकवाड वारले व दुर्बल मनाचे आनंदराव गादीवर आले. कान्होजीने सत्ता बळकावली, तेव्हा रावजी आपाजींनी अरबांच्याच मदतीने त्याला दूर केले. अंकुश धरणारेच आता राज्यकर्ता ठरवू लागले. थकलेल्या पगाराचा आकडा वाढत गेला आणि त्याचा भार अखेर जमीनमहसुलावरच पडला.

1802 मध्ये रावजींनी इंग्रज कंपनीची फौज बोलावली. अरबांची संख्या कमी करण्याचे ठरताच त्यांनी शहर अडवून धरले आणि खुद्द आनंदराव त्यांच्या पहाऱ्यात अडकले. डिसेंबर 1802 मध्ये मेजर वॉकर यांच्या व्यवस्थेखाली बडोद्याला वेढा पडला. सुमारे दहा दिवसांत अरबांनी शरणागती पत्करली. थकबाकी घेऊन त्यांनी मुलूख सोडावा, असे ठरले. यानंतर जे घडले ते अधिक विचार करण्यासारखे आहे. अरबांच्या हमीची जागा कंपनीच्या हमीने घेतली. दुसऱ्या सयाजीरावांच्या काळात (1819-1847) सावकारांना दिलेल्या याच हमीचा आधार घेऊन इंग्रजांनी 1828 मध्ये गायकवाडांचे काही महाल आपल्या ताब्यात घेतले. राजावरचा अंकुश गेला नाही. तो अधिक बलवान हाती गेला.

1857 नंतर इंग्रजांनी गुजरातेत गावोगावची हत्यारे जमा केली. लॉर्ड लिटन यांच्या काळातील 1878 च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याचे बंधन घातले, युरोपीयांना मात्र सवलत ठेवली. हा अपमान जनतेला बोचला. 1887 च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला. 1918 मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचा प्रचार करताना गांधीजींनीही नि:शस्त्रीकरणाच्या या कायद्यावर कठोर टीका केली. मात्र त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यात, नि:शस्त्र शेतकऱ्यांनी सारा न भरण्याची प्रतिज्ञा करून सरकारला गरीब खातेदारांपुरती माघार घ्यायला लावली होती. ही घटना बडोद्यापासून फार दूरची नाही.

1931 च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट होता. त्याचा आधार घेऊन हरि विष्णु कामत यांनी डिसेंबर 1948 मध्ये संविधान सभेत दुरुस्ती सुचवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. असा हक्क मूलभूत ठरला तर चोर आणि ठगही तो मागतील; स्वतंत्र देशात शस्त्र हा व्यक्तीचा हक्क नसून देशासाठी ते धारण करणे हे नागरिकाचे कर्तव्य मानावे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. दुरुस्ती फेटाळली गेली. संविधानाच्या 19 व्या अनुच्छेदाने शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला. 1959 च्या शस्त्र कायद्याने परवाना पद्धत पुढे चालू ठेवली आणि 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली.

आज वडोदऱ्यात शस्त्रबळ आहे ते प्रतापनगरच्या पोलीस मुख्यालयासारख्या सरकारी ठिकाणी. शस्त्र सरकारच्या हाती एकवटले असता नागरिकाची बहांदारी कोण करणार, हा प्रश्न म्हणूनच अधिक गंभीर होतो. दंगलीच्या झळा सोसलेल्या या शहराला तो पुस्तकी वाटणार नाही. त्याचे उत्तर 1802 च्या वेशीवर सापडत नाही, कारण तेथे ज्याच्याकडे बंदूक त्याचीच हमी चालत होती. न्यायालय, मतपेटी, वृत्तपत्र आणि शिकलेला समाज हीच आजची बहांदारी आहे. ती दुबळी पडली तर तिची जागा बंदूक भरून काढू शकत नाही. दुबळ्याचा हात धरण्याची ताकद या संस्थांत टिकवणे, हे काम महाविद्यालयाच्या वर्गखोलीतही करावे लागते.